चौदा तांबड्या ओळी

दुपारचे पावणेदोन झाले होते आणि उज्ज्वला आडे डबा उघडण्याच्या बेतात होती, तेवढ्यात पांढरकवड्याहून नाहिदचा फोन आला. नाहिद तिथे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान चालवीत असे. दोघींची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. पण उज्ज्वलाने तयार केलेल्या अर्जात कुठे काही अडले की ती हक्काने फोन करी. आज तिचे काही अडलेले नव्हते. हवापाण्याची गोष्ट करावी तशा आवाजात ती म्हणाली, "ताई, राग नका मानू, पण तुमच्या फारमात ते लाल येते ना, ते आलं का माणूस उठून जाते. सकाळपासून तिघं गेले. आज शेवटचा दिवस हाये म्हणून सांगून राह्यली."

उज्ज्वलाने डब्याचे झाकण पुन्हा बसवले. राग मानण्यासारखे त्यात काही नव्हते. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने याहून कडू पुष्कळ ऐकून घेतले होते, आणि बाईमाणसाने कामाच्या जागी चेहरा हलू देऊ नये ही शिस्त तिने स्वतःला फार लवकर लावून घेतली होती. तरीही पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि खाली सपाट जमीन लागावी, तसा एक लहानसा हिसका तिला बसला. कारण ते लाल तिचे होते. अर्ज संस्थेचा, तो बनवून देणारी कंपनी मालकाची, पण तो रंग नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतः निवडला होता.

अर्ज होता एका खाजगी संस्थेच्या परिचारिका अभ्यासक्रमाचा. राहणे-जेवण संस्थेकडे, साठ मुली घ्यायच्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक जागा बंजारा तांड्यांवरच्या आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे पाड्यांवरच्या, मुलींसाठी ठेवलेल्या. मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत. जावा या संगणकभाषेतल्या ज्या तयार सांगाड्यावर, फ्रेमवर्कवर, हा अर्ज उभा होता, त्याची रीत जुन्या कारकुनाची होती. माणसाने 'पुढे' हे बटण दाबले की ते सारे रकाने एका दमात तपासी, सापडतील तेवढ्या उणिवा गोळा करी आणि पानाच्या माथ्यावर एकाखाली एक मांडून ठेवी. कोणत्या उणिवेला काय म्हणायचे ते एका फाइलीत लिहिलेले असे, आणि ते कोणत्या रंगात, किती ठळक, कसल्या पट्टीवर दाखवायचे ते दुसऱ्या फाइलीत. शब्द सौम्यच होते. 'कृपया जन्मतारीख भरावी.' 'कृपया मोबाईल क्रमांक दहा अंकी लिहावा.' हे शब्द तिने मोठ्या काळजीने लिहिले होते, 'कृपया' तर प्रत्येक ओळीत घातले होते. मात्र त्यांच्या पाठीमागे तिने रक्तासारखी गडद तांबडी पट्टी दिली होती आणि वर पांढरी ठसठशीत अक्षरे.

यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या औषधांच्या दुकानावर असलेल्या या कचेरीत गेले तीन दिवस त्याच रंगावर खल चालला होता, पण वेगळ्याच कारणाने. संस्थेचे सचिव उत्तमसिंग यांना नवे माहितीपत्रक केशरी हवे होते आणि केशरीशेजारी हे लाल त्यांच्या डोळ्यांना खुपत होते. तरी लाल काढून टाकायलाही त्यांची तयारी नव्हती, कारण लाल नसले तर लोक मन मानेल तसे लिहितात असे त्यांचे पक्के मत होते. तेव्हा लाल राहावे पण केशरीला शोभावे, असे काहीतरी करून द्या, असा त्यांचा निरोप. उज्ज्वलाहून वीस वर्षांनी लहान असलेला रजत या कामाचा प्रमुख होता. त्याने काल तिच्यासमोर लाल रंगाच्या सात छटा मांडल्या होत्या आणि तिने, साड्यांच्या दुकानात कंटाळलेल्या बाईने बोट दाखवावे तसे, चौथीकडे बोट दाखवले होते. माणसे उठून जातात ही गोष्ट त्या तीन दिवसांत कुणाच्या तोंडून निघाली नव्हती. ती त्यांना कळणार तरी कुठून? इथे बसलेल्यांपैकी कुणीही तो अर्ज दुसऱ्याच्या शेजारी बसून भरलेला नव्हता.

तिने नाहिदला विचारले, इतके लाल येतेच कसे? एखादा रकाना चुकला तर एक ओळ येईल, दोन येतील. नाहिद हसली. तिची काम करण्याची तऱ्हा निराळी होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की ती त्याच्याकडून नाव आणि मोबाईल तेवढा विचारून घेई, आणि बाकी सारे कोरे ठेवून आधी 'पुढे' दाबून टाकी. मग माथ्यावर चौदा ओळी उमटत. तीच तिची यादी. हा दाखला द्या, तो काढा, फोटो आहे का, असे एकेक वाचून ती कागद मागून घेई. कोणता अर्ज काय काय मागतो हे पाठ करायला नको, संस्थेची पुस्तिका चाळायला नको. पंचक्रोशीतले सगळे दुकानवाले असेच करतात, ती म्हणाली, लवकर होते. शेजारच्या खुर्चीत बसलेल्याला मात्र दिसे ते एवढेच, की पोरीचे नाव सांगितले आणि पडदा लाल झाला. "सकाळी एक धावजी म्हणून आलते. पोरगी संग होती, सलोनी. हुशार वाटली. मी बटन दाबलं अन् ते उभेच झाले. म्हने, नाही म्हटलं ना त्यायनं, झालं. मी म्हटलं बाबा, बसा, हे तसं नाही. आयकलंच नाही. कागदं पिशवीत टाकले अन् गेले. पोरगी पाहात होती माह्याकडे मागं वळून वळून." मग नाहिद म्हणाली, "मंग मीच पळवले म्हणा की ताई." उज्ज्वला म्हणाली, तुझा काही दोष नाही. ते खरे होते, पण खरे बोलूनही तिला हलके वाटले नाही.

तिने डबा बाजूला सारला आणि संगणकाच्या पोटातली नोंद उघडली. नाव आणि मोबाईल घेऊन तिथेच थांबलेले अर्ज. चार-दोन असतील असे तिला वाटले होते. एकेचाळीस निघाले. एकेचाळीस मुलींची नावे, प्रत्येकीपुढे दहा आकडे आणि पुढचे चौदा रकाने कोरे. कोणी वणीकडची, कोणी उमरखेडकडची, बरीचशी पांढरकवड्याच्या आसपासची. सलोनीचे नाव शेवटून दुसरे होते. बाहेर भाद्रपदातले ऊन रस्त्यावर चढले होते, पंख्याची हवा अंगाला लागत नव्हती, आणि उज्ज्वलाला अंथरुणावर पडूनही जाणार नाही अशा जुन्या, ओळखीच्या थकव्याने वेढले. हा थकवा कामाचा नव्हे. काम तर सोपे होते. पट्टीचा रंग पालटणे म्हणजे एक ओळ. आणि रंगच कशाला, खरे तर त्या साऱ्या ओळी माथ्यावरून काढून प्रत्येक निरोप ज्याच्या त्याच्या रकान्याखाली, बारीक मातकट अक्षरांत, आणि तोही माणूस त्या रकान्यातून लिहून पुढे सरकल्यावरच दाखवायचा. हे करायला तिला फार तर दीड तास लागला असता. ते तिला नऊ वर्षांपूर्वीही येत होते. त्या वेळी तिने ते का केले नाही, या प्रश्नापाशी तिचे मन आले आणि घोड्याने पाण्याशी अडावे तसे अडले.

तांबडा रंग तिला फार जुन्या ओळखीचा होता. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील सेवादास तिला एसटीने उमरखेडला घेऊन गेले होते. थोरली बहीण शीला सातवी पास झाली होती आणि निवासी शाळेसाठी तिचे नाव दिले होते. त्या नावांची यादी लागणार होती. शीला घरी राहिली, कारण पाणी भरायला कुणीतरी हवे होते. वडिलांना वाचता येत नव्हते, म्हणून वाचायला उज्ज्वला. तो फळा तिला आजही दिसतो: हिरव्या रंगाचे पोपडे, वर काचेमागे कागद, आणि पाहणाऱ्यांची ही गर्दी. वडिलांनी तिला कडेवर उचलून धरले. शीलाचे नाव अकरावे होते, आणि त्याखाली तांबड्या शाईची रेघ होती. वडिलांना अक्षर कळत नव्हते, रेघ कळत होती. जंगलखात्याचा माणूस तोडायच्या झाडाला तांबडा पट्टा मारून जाई. त्यानंतर त्या झाडाबद्दल कुणाकडे काही बोलायचे नसते, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तिला खाली ठेवले आणि म्हणाले, "चाल." त्यांच्या घराण्यात एक ताठा होता. तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरत त्या काळापासून आलेला. कुणी नाही म्हटले की तिथे दुसऱ्यांदा तोंड उघडायचे नाही, पाणीसुद्धा न पिता उठायचे. उज्ज्वलाची याडी, म्हणजे आई, हंसाबाई म्हणायची की या ताठ्यानेच आपली मान इतकी सरळ राहिली आहे. राहिली होती खरीच.

पण रेघेच्या शेवटी, समासात, तिरक्या अक्षरांत दोन शब्द होते, आणि ते उज्ज्वलाने वाचले होते. 'फोटो आणावा.' एवढेच. अकराव्या नावाचे सारे ठीक होते. केवळ फोटो राहिला होता. तिने तोंड उघडले होते. वडिलांची पाठ तिच्यासमोर होती, पांढऱ्या सदऱ्यावर घामाचा डाग होता, आणि तेवढ्याशा अवकाशात तिच्या मनात आले की शीला गेली तर विहिरीवरचे पाणी आपल्याला आणावे लागेल, धाकट्याचा पाळणा आपल्याला हलवावा लागेल. एका श्वासाइतका वेळ. तोंड मिटले गेले. परतीच्या गाडीत वडिलांनी तिला पेरू घेऊन दिला आणि तिने तो मीठ लावून, चवीने खाल्ला. पुढच्या उन्हाळ्यात शीलाचे लग्न झाले. मग पाणीही उज्ज्वलाच्याच वाट्याला आले, पाळणाही. आणि वर्षभराने त्याच शाळेच्या पाचवीच्या यादीत उज्ज्वलाचे नाव लागले, बिनरेघेचे. शीला आता वणीला असते. नवरा कोळशाच्या ट्रकवर होता, आता घरीच असतो. ती रविवारी फोन करते, गुडघ्याचे सांगते, नातवंडांचे सांगते, आणि प्रत्येक वेळी, आपली बहीण कम्पुटरमध्ये केवढी मोठी आहे हे शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. तिला ते दोन शब्द कुणी कधी सांगितले नाहीत. सांगायला दुसरे होतेच कोण?

लोक समजतात की असली आठवण माणसाला शहाणे करते. उज्ज्वलाला तसा अनुभव नव्हता. नऊ वर्षांपूर्वी, हा अर्ज पहिल्यांदा बांधताना, याच खुर्चीत बसून तिने पाच प्रकारचे लाल लावून पाहिले होते, आणि त्यातला सर्वांत सरकारी, सर्वांत निर्विवाद दिसणारा निवडला होता. तेव्हा फळा आठवला होता का? आठवला नव्हता, असे तिने आजवर स्वतःला सांगितले होते. आज तिला तितकी खात्री वाटेना. तिला आठवत होते ते समाधान. पडद्यावर ती पट्टी पहिल्यांदा उमटली तेव्हा पाठीच्या कण्यातून चढलेली एक ऊब. आपण आता फळ्यासमोर गर्दीत उभे नाही; तांबडी शाई आपल्या हातात आहे. तो रंग तिने उपयोगासाठी निवडलाच नव्हता. तो तिने अधिकाराची खूण म्हणून निवडला होता, आणि त्यावर 'कृपया' चिकटवून आपण किती सभ्य आहोत याची खात्री करून घेतली होती.

ती उठली आणि रजतच्या टेबलाशी गेली. त्याला तिने नाहिदची हकीकत सांगितली, एकेचाळीसचा आकडा सांगितला, आणि निरोप रकान्याखाली न्यायचे काम आत्ताच हाती घेते म्हणाली. रजत वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला की शेवटच्या दिवशी चालू अर्जाला हात लावायचा नाही, मध्येच काही बिघडले तर आहेत तेही अर्ज जातील. पुढच्या वर्षी करू. त्यात खोट काढायला जागा नव्हती, तिनेही त्याच्या जागी तेच सांगितले असते. "अन् मॅडम," तो जरा हसून म्हणाला, "लाल पाहून पळणारे लोक पुढं सुई कशी टोचणार?" उज्ज्वलाने त्याच्याकडे नुसते पाहिले. तिच्या त्या पाहण्याची कचेरीत सर्वांना ओळख होती. त्याने मान खाली घातली आणि सॉरी म्हणाला.

आपल्या जागी परत येताना तिच्या ध्यानात आले की रजतशी वाद जिंकूनही काही साधले नसते. रंग आता, या घटकेला पालटला तरी तो पाहणार कोण? जे उठून गेले ते पडद्यासमोर पुन्हा बसणार नव्हते. गेलेल्या माणसाला पट्टीचा रंग दिसत नाही. सव्वातीन वाजत आले होते. तिने सलोनीच्या नावापुढचे दहा आकडे फोनवर लावले. मुद्दाम तिचेच आधी. का, ते तिला सांगता आले नसते. मागे वळून वळून पाहणारी पोरगी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

बराच वेळ घंटा वाजल्यावर पुरुषाचा आवाज आला. मागे वाऱ्याचा आणि कुठल्यातरी पंपाचा आवाज होता. तिने आपले नाव सांगितले, यवतमाळहून बोलते म्हणाली, सलोनीच्या फारमासाठी.

"झालं ना ते," धावजी म्हणाला. "पाह्यलं आमी. पोरीचं नाव सांगतलं अन् पुरं लाल करून टाकलं तुमच्या मशीननं."

तिने समजावून सांगितले. ते नाही म्हणणे नव्हते. काय काय लिहायचे बाकी आहे याची ती यादी होती. पाचपर्यंत अवकाश आहे, कागद तुमच्याजवळच आहेत. शब्द बरोबर होते आणि बोलता बोलताच तिला कळत होते की ते त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. जन्मभर साहेब लोक त्याच्याशी असेच बरोबर बोलत आले असणार.

"बाई, तुमचं असंन खरं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच अवघड होते. "पण एकडाव नाही म्हटल्यावर आमी दुसऱ्यांदा नाही इचारत. कायले कोणाच्या दारात उभं राहा?"

या माणसाला तिने पाहिले नव्हते, पण त्याची पाठ तिला पाठ होती. त्याने आता फोन ठेवला असता तर तिला दोष देणारे जगात कुणी नव्हते. तिने सांगायचे ते सांगितले होते, नोंदीतही तसेच दिसले असते. तिने डोळे मिटले, आणि कचेरीत जी भाषा ती कधी बोलत नसे, त्या भाषेत, लहानपणच्या हेलात बोलली.

"तुमी नका इचारू, भाऊ. मी इचारून राह्यली. सलोनीले पाठवता का?"

मग त्याने विचारले, कोणत्या तांड्याच्या तुम्ही. तिने सांगितले. वडिलांचे नाव विचारले, तेही सांगितले. तो हुंकारला. त्याने हिशेब जुळवून पाहिला असावा, कोणाची कोण, कुठे दिलेली.

"मंग ते लाल कोणं केलं?"

ती म्हणू शकली असती की कंपनीने, किंवा संस्थेने. 'मशीनने' हे उत्तर तर त्याने स्वतःच देऊ केले होते. "मी केलं," ती म्हणाली.

"तुमी? काहून?"

बेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या फळ्यापासून आजवर 'का केलेस' हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो अशा माणसाने, ज्याला तिच्याकडून आणखी काही नको होते. रजत तिकडून पाहत होता. तिला लोक नीट लिहितील असे वाटले, असे तिने सांगायला घेतले आणि अर्ध्यात सोडले.

"मले मोठं वाटत होतं," ती म्हणाली.

धावजीने हसावे किंवा रागवावे असे तिला वाटून गेले, पण तो तोवर फोन कानापासून दूर नेऊन कुणालातरी हाक मारीत होता. फोन बंद करायचे त्याच्या ध्यानात राहिले नाही, किंवा त्याने तो तसाच खिशात टाकला. पंप थांबला. पावले वाजली, पिशवीचा प्लॅस्टिकचा आवाज झाला, आणि दुरून एका मुलीने विचारले, "कोठी जाऊन राह्यलो, बा?"

"पांढरकवड्याले," धावजी म्हणाला. "चाल. तुले बोलावलं."

मोटारसायकलला दोनदा किक बसली, तिसऱ्यांदा ती सुरू झाली. उज्ज्वला तो आवाज ऐकत राहिली. वारा वाढला, मग फक्त वाराच राहिला, आणि मग त्यालाही रेंज मिळेना.